लाकडाचं माप कसं काढावं: चौकट, ओंडका, उभं झाड आणि सरपण

मुंबईतल्या रे रोडच्या लाकूडबाजारात सागाचा भाव विचारला की उत्तर एकाच आकड्यात मिळतं, अमुक रुपये घनफूट. गिऱ्हाईक लगेच घासाघीस सुरू करतं. हा घनफूट कुठल्या पद्धतीने मोजलेला, हे विचारायचं मात्र राहून जातं. ओंडक्याचा घनफूट, चिरलेल्या मालाचा घनफूट आणि रचलेल्या सरपणाचा घनफूट हे तीन वेगळे हिशेब आहेत. म्हणून आधी माप ठरवावं, मग भाव.

सामान फार लागत नाही. स्टीलचा टेप, शिंप्याचा टेप किंवा न ताणली जाणारी सुतळी, खडू आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

चिरलेला माल

मुंबईत बहुतेकांना गरज पडते ती याच मापाची. घराचं काम निघतं, दाराची चौकट करायची असते, सुतार यादी हातात देतो. सूत्र सोपं आहे: जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. येतात ते घनफूट.

समजा चौकट ५ × २.५ इंचाची आहे. दोन उभे तुकडे ७ फुटांचे, वरचा आडवा साडेतीन फुटांचा. एकूण लांबी साडेसतरा फूट. ५ × २.५ × १७.५ ÷ १४४ म्हणजे सुमारे १.५२ घनफूट.

आता टेप लावून बघा. सुतार एका इंचाचे आठ सूत मोजतो. तुकडा दोन्ही मापांत दोन-दोन सूत कमी भरला, म्हणजे प्रत्यक्षात ४.७५ × २.२५ इंच निघाला, तर लाकूड १.३० घनफूटच होतं. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही, पण माल साडेचौदा टक्क्यांनी कमी झालेला असतो. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. रंधा मारला की लाकूड उतरतंच. त्यामुळे बिलातलं माप रंध्याआधीचं की नंतरचं, हे सरळ विचारावं. दोन्ही रीती चालतात, फक्त भाव त्याप्रमाणे हवा.

जाडी-रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा आणि सगळ्यांत कमी भरेल ती धरा. टोकाला चीर गेली असेल तर तेवढी लांबी सोडून द्या. कडेला साल राहिल्याने कोपरा गोल झाला असेल, तर चौकोनी तुकडा जेवढा निघेल तेवढाच मोजा. प्रत्येक नगाचा हिशेब वेगळा करा, आकडा खडूने त्याच नगावर लिहा आणि बेरीज शेवटी घ्या. सगळ्या ढिगाची सरासरी जाडी गुणिले सरासरी रुंदी असा शॉर्टकट वखारीत सुचवला जातो. तो नको.

बिल घनमीटरमध्ये असेल तर ३५.३ ने गुणा, घनफूट मिळतात. वरची चौकट ०.०४३ घनमीटर होते. इतके लहान दशांश वाचताना एक शून्य सहज निसटतं, तेव्हा जपून.

गोल ओंडका

ओंडक्याच्या लांबीच्या बरोबर मध्यावर सुतळी गुंडाळून घेर घ्या, जमलं तर त्या जागेची साल काढून. मग घेराचा चौथा भाग काढा, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर १ × १ × १० म्हणजे १० घनफूट. घेर इंचात असेल तर घेराचा वर्ग गुणिले फुटांतली लांबी, भागिले २३०४.

हा चौथाई घेराचा नियम. अठराव्या शतकातल्या एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराच्या नावाने तो ओळखला जातो. आयात केलेल्या सागाच्या व्यवहारात 'हॉपस घनमीटर' म्हणतात तो हाच. भूमितीने बघितलं तर याच ओंडक्यात १२.७३ घनफूट लाकूड आहे (घेराचा वर्ग × लांबी ÷ १२.५७). हॉपसचं माप त्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतं. उरलेला भाग गोल ओंडका चौकोनी करताना कडेच्या सालपटांत जातो, असं धरून ही सूट दिलेली असते.

भावावर याचा परिणाम मोठा आहे. एकाने हॉपसच्या मापाने १००० रुपये घनफूट सांगितला आणि दुसऱ्याने भूमितीच्या मापाने ८५०, तर स्वस्त पहिलाच. त्याचा भाव भूमितीच्या हिशेबात ७८५ रुपये पडतो.

उभं झाड

जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घेर घ्या. वनखात्यात छातीच्या उंचीचा घेर म्हणतात तो हाच. उतारावर झाड असेल तर उंची वरच्या बाजूने मोजा. झाड कललेलं असेल तर खोडाला धरून मोजा आणि सुतळी खोडाला काटकोनात गुंडाळा. त्या जागी गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या वर आणि खाली दोन घेर घेऊन सरासरी काढा. छातीच्या खालीच दोन खोडं झाली असतील तर ती दोन झाडं समजा.

उंचीसाठी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी घ्या. हात समोर ताणून ती उभी धरा आणि काठीच्या दोन टोकांत झाड बरोबर मावेपर्यंत मागे सरका. सपाट जागेवर तुम्ही आणि झाड यांतल्या अंतरात जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंतची उंची मिळवू नका. काठीचं खालचं टोक बुंध्याशी जुळवलं असेल तर नुसतं अंतर म्हणजेच उंची. सोसायटीच्या आवारात मागे सरकायला जागा नसते. तिथे शेजारच्या इमारतीचे मजले मोजा आणि मजल्याला साधारण १० फूट धरा.

लाकडासाठी मात्र उंची पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतचीच घ्यायची. घेर ६ फूट आणि फांदीपर्यंत १२ फूट असेल तर चौथाई नियमाने २७ घनफूट. खोड वर निमुळतं होतं, त्यामुळे हा वरचा अंदाज समजा. शिवाय रस्त्याकडेच्या झाडांत जुने खिळे रुतलेले असतात आणि पात्याला जपणारा करवत गिरणीवाला असा माल घ्यायला कुरकुरतो. माप घ्यायला परवानगी लागत नाही, तोडायला लागते. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे ती महापालिकेकडून घ्यावी.

सरपण

रचलेल्या ढिगाची लांबी, उंची आणि खोली फुटांत गुणा. ४ × ३ × १.५ चा ढीग १८ घनफूट होतो, पण त्यात हवाही आली. नीट रचलेल्या ढिगात लाकूड साधारण ६० ते ७० टक्के, वाकड्या फांद्यांत त्याहून कमी. म्हणजे इथे लाकूड ११ ते साडेबारा घनफूट. बऱ्यापैकी कठीण, वाळलेलं लाकूड घनफुटाला २० किलोच्या आसपास भरतं, त्या हिशेबाने ढीग २२० ते २५० किलोंचा.

वजनावर घेताना अडचण पाण्याची. ५०० किलो सरपणात ४० टक्के पाणी असेल तर कोरडं लाकूड ३०० किलोच. ते वाळून पाणी २० टक्क्यांवर आलं की काट्यावर ३७५ किलो भरेल. पावसाळ्यात सरपण घ्यायचंच झालं तर ढिगाच्या मधली दोन लाकडं काढून एकमेकांवर आपटा. वाळलेली खणखणतात, ओली बद्द वाजतात. वाळलेल्याच्या टोकाला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि सालही सुटू लागलेली असते.