पाणी सांडलं की पोरं मदतीला धावतात, तेव्हा

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की बालवाडीची फरशी सुकतच नाही. त्यात कुणाची बाटली लवंडते आणि चार-पाच वर्षांची पोरं लगेच कामाला लागतात. कुणी खडूची पूड टाकतं, कुणी रुमालानं पाणी ढकलत थेट दप्तरांपर्यंत नेतं. पुडीचा चिखल होऊन फरशी आणखी निसरडी होते. तरी ओरडू नका. खडू पाणी शोषतो, हे त्या पोरानं बरोबर हेरलेलं असतं!

आधी विचारा, "तुला काय करायचं होतं, बाळा?" उत्तरासाठी दहा सेकंद तरी थांबा. मग साधन बदलून द्या: जुन्या सुती लुगड्याचे दीड वीत तुकडे, पोरांच्या छातीइतक्या उंच खुंटीवर. मोठा तुकडा चिमुकल्या हातांना पिळता येत नाही आणि सिंथेटिक साडी पाणी पीतच नाही. कडेकडून मध्ये पुसत यायचं, हे न बोलता एकदा करून दाखवा. मधून सुरुवात केली की डबकं पसरतं.

काच किंवा वायर जवळ असेल तर पोरांना लांब करून स्वतः पुसा.

अशीच मदत म्हणून रडणाऱ्या पोराच्या तोंडात कुणी शेंगदाण्याचा लाडू कोंबत असेल तर मात्र लगेच अडवा, रडताना घास घशात अडकतो. "त्याचा हात धरून शेजारी बस" म्हणा.