मुंबई–पुणे रेल्वे, वर्गाच्या फरशीवर

तिसरी-चौथीच्या मुलांना नकाशा आधी जमिनीवरच दाखवावा. फळ्यावरून सुरुवात केली की ‘उत्तर म्हणजे वर’ हे डोक्यात पक्कं बसतं आणि मग निघता निघत नाही. सकाळच्या उन्हावरून पूर्व शोधून फरशीवर खडूने चारही दिशा लिहायला लावा.

सहा मीटर सुतळी घ्या. दर 25 सेंटिमीटरवर गाठ, म्हणजे एक टप्पा 10 किलोमीटरचा. सगळ्या खुणा आधी करून गाठी मारल्या तर सुतळी आखडते आणि पुणं अलीकडेच येतं. म्हणून एक गाठ मारा, तिथून पुढचं अंतर मोजा.

सीएसएमटीपासून कल्याण 54 किलोमीटर, म्हणजे 135 सेंटिमीटर. इथे सुतळी ईशान्येकडून आग्नेयेकडे वळवा. कर्जत 250 सेंटिमीटरवर, लोणावळा 320, पुणे 480.

घाट मात्र सपाट ठेवू नका. कर्जतनंतर एक वही, मग दोन, लोणावळ्याला सहा; एक वही 100 मीटर उंचीची. सुतळी त्यांवरून न्यायची, त्यामुळे थोडी जास्त लागते. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं का जोडतात, हे मुलं वह्यांकडे बघून स्वतःच सांगतात. उत्तर येईपर्यंत थांबा.