समाजशास्त्रात पीएचडी : कुठे अर्ज करायचा आणि दोन ठिकाणी नंबर लागला तर कुठे जायचं

पीएचडी करायची म्हणून घरी सांगितलं तेव्हा आईने दोनच गोष्टी विचारल्या, "कितला वरीस लागतीन आनि पैसा कोन दी?" मला तेव्हा दोन्हीचं धड उत्तर देता आलं नव्हतं. आता चौथं वर्ष चालू आहे, आणि चोपडा, शहादा, साक्रीकडची एमए झालेली पोरंपोरी मेसेज करून विचारतात की ताई फॉर्म कुठे भरू, तर त्यांना मी आधी आईचेच हे दोन प्रश्न विचारते.

वर्षांचं आधी सांगते. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे जे नियम आहेत त्यात पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, मुलींना आणि दिव्यांगांना वरून दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांची रजा आहे. ही रजेची गोष्ट मुलींनो नीट लक्षात ठेवा, कारण लग्नाची बोलणी सुरू झाली की घरचे म्हणतात आता शिक्षण कसं होईल, तेव्हा हा नियम दाखवता येतो. मी दाखवला होता.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली की प्रश्न बराचसा सुटतो. मी लागले तेव्हा महिना ३१,००० होते, १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाले, आणि दोन वर्षांनी तिचीच पुढची पायरी एसआरएफ झाली की ४२,०००, घरभाडं वेगळं. नेटची परीक्षा वर्षातून दोनदा होते, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आपल्याकडच्या मराठी मीडियमच्या पोरांना खरी अडचण येते ती भाषेची, भाषाविषय सोडले तर पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. मी सहा महिने रोज एक वही केली होती, डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि उजव्या पानावर तिचा अर्थ मराठीत, आपल्या गावातलं एक उदाहरण देऊन. तिसऱ्या वेळेला जेआरएफ निघाली.

आणि हो, जून २०२४ पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशालाही चालतो, म्हणजे जेआरएफ नाही आली, नुसतं प्राध्यापक होण्याइतके मार्क नाही आले, तरी 'फक्त पीएचडीसाठी पात्र' अशी तिसरी यादी असते. तिथे स्कोअरला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३० टक्के, पण तो स्कोअर एकच वर्ष चालतो, तेव्हा निकाल लागला की फॉर्म भरायला लागा. जेआरएफ नसेल तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय, या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा. कुठलीही फेलोशिप घ्या, हातात पैसे उशिरा पडतात हे धरून चाला, पाच-सहा महिन्यांची खोली आणि मेस भागेल एवढी सोय करूनच घर सोडा.

आता माझं एक वर्ष कसं गेलं ते सांगते, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. एका विद्यापीठातल्या एका सरांचे लेख मी वाचले होते, त्यांच्याकडेच करायचं असं मनात पक्कं, दुसरीकडे फॉर्मच भरला नाही. पीएचडी प्रवेशाची पूर्वपरीक्षा पास झाले, मुलाखतीला बसले, मुलाखत छान झाली, आणि बाहेर आल्यावर तिथल्या क्लार्ककडून कळलं की सरांकडे जागाच शिल्लक नाही. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार एवढेच विद्यार्थी घेता येतात, हा नियम मला माहीत नव्हता आणि मुलाखतीत कोणी बोललंही नाही. जळगावला गाडीतून उतरले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, पहिली बस निघेपर्यंत स्टँडवर बसून खूप रडले. म्हणून सांगते, फॉर्म भरायच्या आधी विभागाला सरळ मेल करा, अमुक सरांकडे किंवा मॅडमकडे यंदा किती जागा आहेत एवढंच विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

त्या मोकळ्या वर्षाचा एक फायदा मात्र झाला, माझं प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, सुधारलं. माझा आधीचा विषय होता 'रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. एका सीनियर दादाला पाठवलं, त्याने फोन करून एकच विचारलं, यात प्रश्न कुठे आहे? मला कळेचना. मग तो म्हणाला तू लहानपणापासून केळीच्या बागा बघतेस ना, तर तुला न समजलेली एक गोष्ट सांग. मी म्हटलं, केळी कापून गाडीत भरणाऱ्या मजुरांच्या टोळ्या असतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, शेजारची टोळी जास्त मजुरी देते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी काही माणसं त्याच मुकादमाकडे वर्षानुवर्षं राहतात आणि काही सोडून जातात, हे कोण ठरवतं ते मला कळत नाही. दादा म्हणाला हेच लिही. विषय आणि प्रश्न यातला फरक मला त्या फोनवर कळला, एमएच्या दोन वर्षांत नव्हता कळला. नंतर पाच पानांचं प्रपोजल आठ वेळा लिहिलं, आणि मुलाखतीत वीस मिनिटं फक्त उचल आणि मुकादम यावरच बोलणं झालं.

दुसऱ्या वर्षी पाच ठिकाणी अर्ज केले. आपल्याकडे पोरांना जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि फार तर पुणे विद्यापीठ एवढंच माहीत असतं, पण मुंबईची टीआयएसएस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, अर्थशास्त्रवाल्यांसाठी पुण्याची गोखले संस्था आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, दिल्लीला जेएनयू आहे, आणि आयआयटी मुंबईतसुद्धा समाजशास्त्रात पीएचडी करता येते हे सांगितलं की पोरं चाट पडतात. जळगावला करणं कमीपणाचं आहे असं अजिबात समजू नका, तुमचं फील्ड धडगाव-अक्कलकुव्यात असेल, घरी आजारी माणूस असेल, किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली जुनी कागदपत्रं रोज बघायची असतील तर जवळ राहणं हीच मोठी सोय आहे. परदेशाचं मी स्वतः केलं नाही, हॉस्टेलवरची मैत्रीण अमेरिकेत गेली तेव्हा जवळून बघितलं. तिकडे पाच-सहा वर्षं लागतात, चांगल्या ठिकाणी फी माफ आणि शिकवण्याच्या कामावर पगार, अर्ज बहुतेक डिसेंबरमध्ये, तीन शिफारसपत्रं आणि स्वतःच्या लिखाणाचा एक नमुना, आणि पैशासकट आलेल्या ऑफरला साधारण १५ एप्रिलपर्यंत हो-नाही कळवायचं. शिफारसपत्र ज्यांच्याकडून हवं त्या सरांना दोन महिने आधी भेटा, स्वतःची माहिती एका पानावर लिहून द्या, नाहीतर 'विद्यार्थिनी होतकरू व मेहनती आहे' एवढं लिहिलेलं पत्र जातं आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

पाचपैकी दोन ठिकाणी माझा नंबर लागला. एक फार मोठं नाव, सगळ्या नातेवाइकांना माहीत असलेलं, दुसरी संस्था लहान, काकांनी विचारलं हे कुठे आलं. जेआरएफ दोन्हीकडे तेवढीच मिळणार होती. मी दोन्हीकडच्या तीन-तीन रिसर्च स्कॉलरना फोन केले आणि सगळ्यांना एकच विचारलं, तुम्ही शेवटचं लिहून दिलेलं गाइडकडून किती दिवसांत परत आलं? मोठ्या ठिकाणचा एक जण म्हणाला सात महिने झाले अजून वाचलेलं नाही, दुसरी म्हणाली गाइड कोण मिळेल हे आधी सांगतच नाहीत, तिसऱ्याने विषय बदलला. लहान ठिकाणच्या तिघांनीही तीन आठवडे, महिना असं सांगितलं, आणि एका मुलीने मॅडमनी तपासलेल्या पानाचा फोटो पाठवला, दोन्ही समासांत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, एका ओळीखाली रेघ आणि बाजूला 'हे तुला कोणी सांगितलं? त्या बाईचं बोलणं इथे घाल'. तो फोटो बघितला आणि त्याच दिवशी लहान संस्थेची फी भरली. वडील महिनाभर नाराज होते, मोठं नाव सोडलं म्हणून, त्यांचं दुःख मला कळत होतं, गावात सांगायला ते नाव फार मोठं होतं.

असे फोन तुम्हीही करा, गाइडच्या मर्जीतल्याच माणसाला न करता मध्येच सोडून गेलेल्या एखाद्याचा नंबर मिळाला तर त्यालाही करा. मुली असाल तर मुलींनाच विचारा की तिथे एकटीने गाइडच्या केबिनमध्ये बसायला कसं वाटतं, हॉस्टेल मिळतं का, रात्री लायब्ररीतून परत येता येतं का. गाइड दोन-तीन वर्षांत रिटायर होणार का हेही बघा.

माझे तीन चॅप्टर झालेत, चौथ्यासाठी परवापासून सावद्याला आहे, पहाटे टोळीबरोबर बागेत जाते. आई रोज रात्री फोन करते आणि आता तिचा प्रश्न वेगळा असतो, "जेवनी का, आनि आज कोनशी बोलनी?"