हरीण न बिचकवता जवळून फोटो

बेत बहुतेक वेळा वासामुळे फसतो. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तरच पुढे सरका. चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडली की दिशा कळते. वारा पाठीवर असेल तर कितीही दबकत जा, तुमचा वास आधी पोहोचतो.

सरळ रोखाने न जाता तिरके चाला. हरीण मान खाली घालून चरत असेल तेव्हाच दोन-तीन पावलं टाका. मान वर आली, कान तुमच्याकडे वळले की आहात तिथेच थिजा, पाय अर्धवट उचललेला असला तरी. हरीण पुष्कळदा चरल्यासारखं करून झटकन पुन्हा वर बघतं, म्हणून घाई नको. पुढचा पाय आपटू लागलं तर सावकाश मागे फिरा. फोटोपेक्षा त्याचं चरणं महत्त्वाचं.

कॅमेऱ्याचा बीप, फ्लॅश आणि फोकसचा मदत-दिवा आधीच बंद करा, शटर सायलेंटवर ठेवा. 300 ते 400 मिमीची लेन्स, शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या आसपास. कान सतत हलतात, त्याहून कमी वेगात ते पुसट येतात. फोकस डोळ्यावर.

गवतात एकटं पाडस दिसलं तर जवळ जाऊ नका. आई बहुधा आसपासच असते आणि तुम्ही तिथून निघून गेल्याशिवाय परतत नाही.