कुणाला जीनियस म्हणायच्या आधी एवढं करून बघा

परवा फॅमिली ग्रुपवर भाच्याचा व्हिडिओ आला, पठ्ठ्याने रुबिक क्यूब मिनिटभरात सोडवला, आणि खाली लगेच सगळ्यांचं जीनियस जीनियस सुरू. मी फोन करून विचारलं कसं केलंस रे, तर म्हणाला मामा, यूट्यूब बघून मूव्हज पाठ केल्या, दोन महिने रोज शाळेतून आलो की तेच. ते दोन महिने मला फार मोलाचे वाटतात, आणि त्या एका शब्दाखाली ते कुणाला दिसलेच नाहीत.

तर आधी आपलेच शब्द वापरून बघायचे. पटकन कळतं तो तल्लख, एकदा ऐकलं की डोक्यात बसतं तो एकपाठी, वर्षानुवर्षं हात बसलाय तो कसबी. बहुतेक वेळा यातच काम भागतं आणि समोरच्यालाही आपण नेमकं काय बघितलं ते कळतं.

नाहीच भागलं तर मग प्रतिभा, जीनियसपणाला आपल्याकडचा जवळचा शब्द. संस्कृत काव्यशास्त्रात तिची जुनी व्याख्या आहे, नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा, म्हणजे जिला सारखं नवं नवं स्फुरतं अशी बुद्धी. म्हणून विचारायचं ते हेच, की आधी नव्हतं असं काय या माणसामुळे आलं?

कुमार गंधर्वांचंच घ्या ना. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून ते हुबेहूब तसं गायचे, लोक तोंडात बोटं घालायचे, पण माझ्या मते तिथे जीनियस हा शब्द वापरायची घाई नको, कारण गाणं अजून दुसऱ्याचं होतं. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, मग टीबीने गाठलं, १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद, एक फुफ्फुस कामातून गेलेलं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर यायची, त्या धुनांमध्ये त्यांना राग दिसायला लागले, आणि मालवती, लगनगंधार, अहिमोहिनी हे धुनउगम राग त्यातून आले. तेच लोकगीत गावातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं हो! इथे मी बिनधास्त जीनियस म्हणतो.

आणि म्हणताना मेहनत पुसायची नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानेही काव्याच्या मागे नुसती शक्ती, म्हणजे प्रतिभा, नाही सांगितली, निपुणता आणि अभ्यास सोबत जोडलेत.

लहान मुलांशी बोलताना तर हा शब्द बाजूलाच ठेवा, त्यांनी काय केलं ते विचारा. मी भाच्याला विचारलं, शेवटच्या थराला अडकत होतास ना, मग कसं सुटलं? वीस मिनिटं बोलत होता, उजवी बाजू वर, वरची डावीकडे, मध्येच थांबून म्हणाला थांब मामा, क्यूब घेऊन येतो.