मोबाइल हिसकावण्याआधी: किशोरवयीन मुलांच्या सोलापुरातील पालकांसाठी

दहावी-बारावीतला मुलगा चिडचिड करू लागला, जेवताना गप्प बसू लागला, की बहुतेक घरांत पहिला राग त्याच्या मोबाइलवर निघतो. तो हिसकावण्याआधी एक आठवडा थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही मुले सोशल मीडियामुळे खचतात, तर काही मुले आधीच खचलेली असल्यामुळे मोबाइलमध्ये तोंड लपवतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. दिवसाला ३ तासांपेक्षा अधिक वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तेथील सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सल्लागाराने, मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात म्हटले आहे. परंतु त्यावरून आपल्या घरातील मुलाच्या उदासीचे कारण ठरत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते.

त्यासाठी एक वही घ्यावी. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ या भागात कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला आणि मोबाइल दिवसात किती वेळा उघडला, हे दिसते. हे आकडे मुलाला शेजारी बसवून पाहावेत, कारण त्याच्या माघारी पाहिले तर पुढचे सगळे बोलणे संशयानेच सुरू होते. आकड्यांच्या बाजूला तो किती वाजता झोपला, सकाळी कसा उठला आणि काय पाहिल्यानंतर त्याचा चेहरा उतरला, हेही लिहावे. मैत्रिणीशी अर्धा तास बोलून हसत उठणारी मुलगी आणि तेवढाच वेळ अनोळखी मुलींचे चेहरे पाहून आरशासमोर जाऊन उभी राहणारी मुलगी, या दोघींचा अर्धा तास एकच नव्हे.

आठवडा संपला की पहिला बदल रात्रीचा करावा. माझ्या मते दिवसभराच्या तासांवरून भांडण्यापेक्षा हा बदल कितीतरी मोलाचा आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि झोप तुटली की चिडचिड, रडू आणि अभ्यासातील विसराळूपणा मागोमाग येतात. एक रील संपली की बोटाच्या एका हालचालीत दुसरी समोर येते आणि या रांगेला शेवट नसतो; म्हणून ‘एवढे पाहून झोपतो’ असे म्हणणारा मुलगा बहुधा खोटे बोलत नसतो, त्याला थांबायची जागाच सापडत नसते. शहराच्या पूर्व भागातील एक-दोन खोल्यांच्या घरांत ‘मुलाच्या खोलीत मोबाइल ठेवू नका’ हा सल्ला कामाचा नाही. तेथे रात्री दहा वाजता घरातील सगळ्यांचे मोबाइल, आईवडिलांचेही, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी चार्जिंगला लावावेत. कारखान्यातून रात्रपाळी करून येणाऱ्या वडिलांनीही आल्यावर आपला मोबाइल तेथेच ठेवावा. ‘मला गजर लावायचा आहे’ ही अडचण मुले हमखास सांगतात, म्हणून गजराचे साधे घड्याळ आधीच आणून ठेवावे.

त्यानंतर अ‍ॅपकडे वळावे. इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘टीन अकाउंट’ असते; ते आपोआप खासगी राहते, ६० मिनिटांनंतर थांबण्याची आठवण करून देते आणि रात्री १० ते सकाळी ७ पर्यंत सूचना बंद ठेवते. १६ वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करायची असल्यास पालकांची परवानगी लागते. मात्र खाते उघडताना जन्मवर्ष खोटे घातले असेल तर हे संरक्षण बहुधा लागूच होत नाही, म्हणून न रागावता आधी तेच तपासावे.

सेटिंग्ज बदलून तुलनेची बोच मात्र जात नाही, आणि मुले ती बोलून दाखवत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेला मित्र आपल्याला न बोलावता गेले, हे पूर्वी दुसऱ्या दिवशी शाळेत कळत असे. आता पाळण्यात बसलेल्या त्या सहा जणांची स्टोरी त्याच रात्री अंथरुणात दिसते. अशा वेळी ‘एवढ्याशा गोष्टीचे काय रडतोस’ असे म्हणू नये. ‘तुला बोलावले नाही, याचे वाईट वाटले ना?’ एवढे विचारून थांबावे आणि त्याला बोलू द्यावे. लगेच उपदेश केला, तर पुढच्या वेळी तो काहीच सांगणार नाही.

एप्रिल-मे महिन्यांत मोबाइलचा कोणताही नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. पारा चाळिशीच्या वर असतो, शाळा बंद असते आणि दुपारी बाहेर पडता येत नाही. दुपारचा वेळ थोडा सैल सोडावा, पण ऊन उतरले की त्याला सोबत घेऊन सिद्धेश्वर तलावाकडे किंवा पार्क मैदानावर जावे. केवळ मोबाइल काढून घेतला आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर तो नियम आठवडाभरही टिकत नाही.

काही गोष्टी मात्र घरच्या घरी सोडवायच्या नसतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, जेवण तुटले, शाळेत जाण्यास नकार सुरू झाला, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलाने स्वतःला इजा केली किंवा ‘जगून काय उपयोग’ असे म्हटले, तर एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे. कोणी फोटोवरून धमकावत असेल, तर मुलाला दोष न देता संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, पैसे देऊ नयेत आणि १९३० (सायबर गुन्हे) किंवा १०९८ (चाइल्डलाइन) या क्रमांकावर कळवावे. डॉक्टरांकडे जाताना ती आठवड्याची वही सोबत न्यावी. झोप केव्हापासून बिघडली, हा प्रश्न तेथे विचारला जातो आणि घाबरलेल्या आईवडिलांना त्याचे उत्तर ऐनवेळी आठवत नाही.