गोवंडीच्या लढ्याला हातभार लावायचा असेल तर

मुंबईतल्या गोवंडीत कचऱ्याच्या आणि भट्टीच्या धुराविरुद्ध रहिवासी लढतायत. त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय, असं म्हणत ओळखीतली माणसं माझ्याकडे येतात. कुणाला झाडं लावायची असतात, कुणाला मास्क वाटायचे असतात. त्यांच्या हातात मी आधी फाइल देते. माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागातल्या रहिवाशांच्या एका छोट्या गटाबरोबर काम करते. धूर कुठून येतो, किती वाजता येतो, कुणाच्या घरात दमा आहे, हे तिथल्या बायकांना कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी ठाऊक असतं. त्यांना कमी पडतो तो वेळ.

शेजारच्या देवनार कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तो कितीतरी दिवस जळत होता. शहरातल्या दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टीही २००९ पासून याच वस्तीत आली. ती हलवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला, तो स्थानिक रहिवाशांच्या संघटनेने लावून धरलेल्या जनहित याचिकेवर. म्हणजे लढणारे तिथे आहेतच. नवी संस्था काढू नका. कोण भेटतंय, कुठे भेटतंय ते विचारा आणि त्यांच्या वेळेला जा. ती वेळ बहुधा रात्री, घरकाम आणि मजुरी उरकल्यावरची असते. पहिल्या एक-दोन बैठकांत फक्त ऐका.

मग नोंदवही सुरू करून द्या. साधी शंभर पानी पुरते. तारीख, वेळ, गल्ली, वास कसला (रबर, प्लास्टिक, औषधांसारखा), धुराचा रंग, वारा कुठून होता, कुणाला काय त्रास झाला, लिहिणारीची सही. शक्य तिथे फोटो, पण मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवायचा. इकडून तिकडे पाठवलेल्या फोटोवरची तारीख-वेळ निघून जाते. ‘रोज खूप धूर असतो’ या तक्रारीला साहेब मान डोलावतात. एकाच महिन्यात ठरावीक वेळेला, चार गल्ल्यांतून आलेल्या नोंदी समोर ठेवल्या की त्यांना तपासणीला माणूस का पाठवला नाही, याचं उत्तर द्यावं लागतं.

तक्रार नेहमी दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. काउंटरवरचा माणूस ‘ठेवून जा’ म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. आवक क्रमांक नसलेला कागद कुणाच्याच जबाबदारीचा नसतो. ही फेरी तुम्ही मारा. रोजंदारीवरच्या बाईला शीवला प्रदूषण नियंत्रण मंडळात जाऊन यायचं तर तिचा दिवस बुडतो, तुमचा सहसा बुडत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्राचा नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत की काही हाती लागत नाही. नेमका कागद मागा. उदाहरणार्थ, भट्टीचं चालू संमतीपत्र (ती चालवायला मंडळाने दिलेली परवानगी), शेवटच्या तपासणीचा अहवाल, बजावलेल्या नोटिसा. दवाखान्यांच्या कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या नियमांनुसार भट्टीचं धुरांडं किमान तीस मीटर उंच लागतं आणि डायऑक्सिन-फ्युरानची (कचरा जळताना निघणाऱ्या विषारी द्रव्यांची) चाचणी वर्षातून एकदा व्हावी लागते. तेव्हा त्या चाचणीचा अहवाल वर्ष घालून मागा. उत्तर आलं नाही, तर उत्तराची मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारं एक माणूस हवंच.

आलेली उत्तरं सरकारी मराठीत किंवा इंग्रजीत असतात. वस्तीत बरेच जण हिंदी किंवा उर्दू वाचतात. बैठकीत तो कागद मोठ्याने वाचून सोप्या हिंदीत समजावणं हे मराठी वाचकाला आजपासून जमण्यासारखं काम आहे. कागद कळला की पुढचा प्रश्न बायकाच काढतात, आणि तो आपल्या प्रश्नापेक्षा धारदार असतो.

वकील ओळखीचा असेल तर लवकर जोडून द्या. राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे) वादाचा अर्ज, वादाचं कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावा लागतो, नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे. वकिलाने गटाला विचारल्याशिवाय तडजोडीचं बोलायचं नाही, हे मात्र पहिल्याच भेटीत ठरवा.

पैशांचं सांगते. झेरॉक्स, रिक्षा, मोबाइल रिचार्ज, बैठकीच्या दिवशी बुडालेली मजुरी, सोबतच्या पोरांचं खाणं, यांना देणगीदार मिळत नाही. दरमहा पाचशे रुपये, वर्षभर न चुकता, हे एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. हिशेब त्यांनी ठेवावा, आपण पावती मागावी आणि थांबावं. बॅनरवर आपलं नाव मागू नये. परदेशातल्या मंडळींनी इथे सांभाळायला हवं. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देता येतं. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा विदेशी देणगी ठरतो आणि अशी देणगी घेण्याचा परवाना नसलेल्या छोट्या गटाला त्याने अडचणीत आणाल.

बायकांची नावं-चेहरे विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. घर भाड्याचं असतं, घरमालकाला कुणाचा तरी फोन जातो.

आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते. न्यायालयाने भट्टी हलवायला सांगितली ती रायगडच्या खालापूर तालुक्यात. तिथेही माणसं राहतात. गोवंडीच्या गटाला मदत करत असाल तर त्यांची नोंदवही, अर्जांचे नमुने, नियमांची टिपणं खालापूरच्या गावांपर्यंत पोहोचवा, तिथल्या ग्रामसभेत कुणाला बोलायचं असेल तर प्रवासखर्च द्या. हे काम आमच्याकडून अजून पुरेसं झालेलं नाही, त्यासाठी माणसं हवी आहेत.